कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला, बेंच प्रेससाठीचा स्पर्धेच्या मापाचा बेंच : १४ महिने वापरून लिहितेय

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. बेंच चांगला झालाय. १४ महिने झाले, आठवड्यातून चार दिवस वापरतेय, वेल्डिंगला कुठे तडा नाही, डुगडुगत नाही, आणि माझी स्पर्धेतली लिफ्ट ६२.५ वरून ७० किलोवर गेली त्यात या बेंचचा वाटा मोठा आहे असं मी मनापासून मानते. पण तो पहिल्या दिवशी असा नव्हता, तीन वेळा परत वर्कशॉपला गेला, म्हणून ज्यांना असा बनवून घ्यायचाय त्यांनी पुढचं सगळं वाचा, तुमचे हेलपाटे वाचतील.

मी मिरजेत राहते, बँकेत नोकरी, वय ४४, उंची १५२ सेंटीमीटर, ५७ किलो वजनगटात मास्टर्स १ मध्ये खेळते म्हणजे ४० ते ४९ वयाच्या बायका. फक्त बेंच प्रेस करते, म्हणजे बेंचवर उताणं झोपून बार छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. पॉवरलिफ्टिंग म्हटलं की लोकांना स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट तिन्ही आठवतं पण नुसत्या बेंच प्रेसची वेगळी स्पर्धा असते, जिल्ह्यापासून वर्ल्ड चॅम्पियनशिपपर्यंत, आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझा खेळ तोच. क्लासिक प्रकारात, म्हणजे तो घट्ट बेंच शर्ट न घालता. मनगटाला रॅप, कमरेला बेल्ट, बस.

बेंच बनवायची वेळ का आली ते सांगितल्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही. दीड-दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी तिन्ही अटेम्प्ट घालवले. ओपनर, म्हणजे पहिल्या अटेम्प्टचं वजन, ६० किलो, जो मी जिममध्ये कधीही उठून मारत होते. पहिल्याला टाच उचलली गेली, लाल दिवे, म्हणजे पंचांनी लिफ्ट बाद केली. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला टाच सांभाळायच्या नादात बार वरच गेला नाही. तीन गेले की संपलं, तुमच्या नावापुढे आकडाच लागत नाही. गाडीत बसल्यावर मी मिरज येईपर्यंत एक शब्द बोलले नाही आणि नवऱ्यानेही बोलायला लावलं नाही.

घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की ताकद कमी पडली नव्हती, मी वर्षभर वेगळ्याच वस्तूवर सराव करत होते. ज्या जिममध्ये मी जात होते तिथला बेंच टेप लावून मोजला, उंची ५० सेंटीमीटर. माझे पाय पोचायचे नाहीत म्हणून मी दोन्ही पायांखाली दोन-दोन रबरी प्लेटा ठेवायचे, म्हणजे प्रत्यक्षात मी ४० च्या बेंचवर सराव करत होते. स्पर्धेतला बेंच ४५ आणि तिथे पायाखाली ठेवायला काहीच नव्हतं. जिमच्या बेंचची रुंदी २६, नियमात किमान २९. जिमच्या बेंचचे खांब फिक्स वेल्ड केलेले, माझ्या हाताला खूप उंच, त्यामुळे बार काढतानाच माझी खांद्याची पाती सुटायची. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे बारवरची रिंग, पकड कुठे घ्यायची त्याची खूण. जिममध्ये वेटलिफ्टिंगचा बार होता, त्याच्या रिंगा एकमेकींपासून ९१ सेंटीमीटरवर असतात. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर त्या ८१ वर असतात, आणि नियमाप्रमाणे तर्जनी त्या ८१ च्या बाहेर जाता कामा नये. मी जिममध्ये करंगळी रिंगवर ठेवून पकड घ्यायचे, स्पर्धेतही करंगळी रिंगवर ठेवली, म्हणजे दोन्ही हात पाच-पाच सेंटीमीटर आत आले आणि मला बार जड लागतोय एवढंच कळलं, का लागतोय ते कळलं नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

मग ठरवलं, घरच्या पडवीत आपला बेंच टाकायचा आणि तो नियमाच्या मापाचाच टाकायचा. स्पर्धेत वापरतात ते परदेशी कॉम्बो रॅक (बेंच आणि स्क्वॉट दोन्हीला चालणारे) आणायचे म्हणजे लाखांतली गोष्ट. ऑनलाइन १०-१२ हजारांत जे बेंच मिळतात त्यांच्या वर्णनात फोटो भरपूर पण उंची रुंदी धड लिहिलेली नसते, दोन ठिकाणी फोन करून विचारलं तर समोरच्याला प्रश्नच कळला नाही. शेवटी माहेरच्या ओळखीतून कुपवाड एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप मिळालं, दोन शेड, चार माणसं, एरवी ट्रॉली आणि शेतीची अवजारं बनवतात. नाव लिहीत नाही कारण मिस्त्रीमामांनी स्वतः सांगितलंय, "ताई, लोकांस्नी सांगू नका, आधीचंच काम आवरंना."

मी आयपीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या, नियमातली मापं एका कागदावर लिहून नेली होती. ती इथे देते कारण खरं सोनं तेच आहे. बेंचची लांबी १.२२ मीटरपेक्षा कमी नको, सपाट आणि पाणसळीत. रुंदी २९ ते ३२ सेंटीमीटर. उंची जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत ४२ ते ४५, आणि हे माप गादी न दाबता घ्यायचं. बार ठेवायचे हुक जमिनीपासून ७५ ते ११० च्या मध्ये वरखाली करता आले पाहिजेत. दोन हुकांच्या आतल्या बाजूंमध्ये किमान १.१० मीटर अंतर. डोक्याकडची बाजू खांबाच्या मध्यापासून २२ सेंटीमीटर पुढे आलेली, त्यात पाचची सूट. मी मामांना सांगितलं उंची ४३ करा, रुंदी ३०.

मामा तरुणपणी तालमीत जायचे. कागद बघून म्हणाले, "म्हंजे झोपून जोर काढायचा की ओ." मग विचारलं हे ऑलिंपिकमध्ये हाय का. मी सांगितलं ऑलिंपिकमध्ये नाही पण पॅरालिंपिकमध्ये आहे, आणि तिथलं पॉवरलिफ्टिंग म्हणजे फक्त बेंच प्रेसच, पाय बेंचवरच सरळ ठेवून. राजिंदरसिंग राहेलूंनी २००४ ला अथेन्समध्ये ५६ किलो गटात कांस्य आणलं, आणि सुधीरने २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये २१२ किलो उचलून सुवर्ण. मामा २१२ ऐकून वेल्डिंगची काच खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी या कामाला ट्रॉलीचं काम मानलं नाही, हे मला जाणवलं.

सांगाडा उत्तम झाला. ७५ बाय ७५ मिमीचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप खांबांना, ३ मिमी जाडीचा, खाली आडवा पाया लांब ठेवलाय त्यामुळे एका बाजूच्या प्लेटा आधी काढल्या तरी उलटायची भीती नाही. गुण्या आणि ओळंबा लावून खांब उभे केलेत, मी स्वतः मोजलं, दोन्ही हुकांच्या उंचीत एक मिमीचाही फरक नाही. ही गोष्ट छोटी वाटते पण एक हुक जरा वर असला की बार काढताना एक खांदा आधी उचलला जातो आणि महिनोन्महिने तसं केलं की दुखणं कुठून आलं ते कळत नाही.

आता चुका. पहिली चूक हुकाच्या भोकांची. त्यांनी भोकं ५ सेंटीमीटरच्या अंतराने पाडली. मला जे हवं ते दोन भोकांच्या मध्ये यायचं, एकावर बार फार उंच, खालच्यावर काढायलाच अर्धी ताकद जाते. पुन्हा नेला, मधल्या जागी नवी भोकं पाडून अंतर २.५ केलं. पहिल्यांदाच सांगा, २.५ पेक्षा जास्त नको. आता माझा बार ९४ सेंटीमीटरवर असतो. हा आकडा पाठ करून ठेवायचा, कारण स्पर्धेत वजन करतानाच रॅकची उंची विचारतात, आणि प्रत्येक ठिकाणच्या रॅकवरचे नंबर वेगळे असले तरी सेंटीमीटर सगळीकडे सारखेच.

दुसरी चूक गादीची, आणि यात थोडी माझीही, कारण मी फोम त्यांच्यावर सोडला. त्यांनी सोफ्याचा फोम टाकला. दिसायला जाड, छान. पहिल्याच दिवशी ५५ किलो घेऊन झोपले तर पाती आत रुतली. बेंच प्रेसमध्ये पाती एकमेकींकडे ओढून खाली दाबून धरायची असतात, सगळी लिफ्ट त्या आधारावर उभी असते, आणि तो आधारच खाली जात असेल तर वर काय ढकलणार. मग सांगलीत गादीवाल्यांकडे जाऊन रीबॉन्डेड फोम शोधला, तो तुकडे दाबून बनवलेला असतो, अंगठ्याने दाबला तर जेमतेम दबतो, तसाच पाहिजे. खाली १८ मिमी प्लायवूड. पण हा फोम जाड निघाला आणि उंची ४४ च्या वर गेली. नियमात बसत होती पण मला ४३ च हवी होती, माझ्या उंचीला एक सेंटीमीटरही मोजावा लागतो, तर मामांनी कुरकुर न करता पाय कापून परत वेल्ड करून दिले, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

रेक्झिन गुळगुळीत चकचकीत घेऊ नका. मी घेतलं, घामाने घसरायला लागलं, पायाने जोर लावला की अख्खी मी डोक्याकडे सरकायचे. बदलून मॅट, जरा खरखरीत घेतलं. तरी एप्रिल-मेमध्ये टी-शर्टच्या पाठीला खडूची पूड लावते.

तिसरी फेरी सेफ्टीची, आणि ही मी सगळ्यात महत्त्वाची मानते. मी पहाटे साडेपाचला सराव करते, घरात सगळे झोपलेले. बेंच प्रेस एकट्याने करताना बार छातीवर किंवा गळ्यावर अडकला तर मदतीला कुणी नसतं, ही घाबरवायची गोष्ट नाही, खरी गोष्ट आहे, म्हणून बाजूच्या सेफ्टी पाइपशिवाय बेंच विकत घेऊच नका, मग तो कुणाचाही असो. मामांनी आधी सेफ्टी एकाच उंचीवर फिक्स केली होती, ती इतकी खाली की बार तिच्यावर टेकायच्या आधी माझ्या गळ्यावर टेकला असता. आता तीही २.५ च्या भोकांवर वरखाली होते. मी पाठीची कमान करून झोपले की छातीवर आलेला बार सेफ्टीच्या दोन बोटं वर राहतो, आणि लिफ्ट अडकली की कमान सोडून पाठ सपाट करायची, बार अलगद पाइपवर बसतो. आतापर्यंत पाच-सहा वेळा असं झालंय, एकदाही ओरडावं लागलं नाही. घ्यायच्या आधी मामांनी त्या पाइपांवर सिमेंटची चार पोती टाकून रात्रभर ठेवली, म्हणजे २०० किलो. सकाळी ओळंबा लावला, जिथल्या तिथे.

हुकांचं अजून एक. नुसतं लोखंड ठेवलं तर बारचं खरखरीत नक्षीकाम घासून जातं आणि पहाटे खणकन आवाज येतो तो वेगळाच. लेथवाल्याकडून नायलॉनच्या पट्ट्या कापून आणल्या आणि हुकात स्क्रूने बसवल्या. २५० रुपयांत काम झालं, शेजारच्या काकूंची तक्रारही बंद झाली.

पैसे सांगते. सांगाडा, मजुरी आणि पावडर कोटिंग धरून १६,८००. फोम, प्लाय, रेक्झिन (दुसऱ्यांदा केलेलं धरून) ३,४००. नायलॉन, बोल्ट, टेम्पोचे हेलपाटे मिळून १,२०० च्या आसपास. एकूण २१,४०० झाले. बार आणि प्लेटा वेगळ्या, आणि बारवर कंजुषी करू नका असं हात जोडून सांगते, २८ ते २९ मिमी जाडीचा आणि ८१ च्या खुणा असलेलाच घ्या. स्पर्धेत बार २० किलो आणि दोन कॉलर (प्लेटा जागेवर धरणाऱ्या कड्या) अडीच-अडीच, म्हणजे रिकामाच २५ चा असतो, त्यामुळे घरीही कॉलर लावूनच मोजायची सवय ठेवा.

पायाखालचे ठोकळे सुताराकडून करून घेतले. नियमात किमान ६० बाय ४० सेंटीमीटरचे आणि एकूण ३० सेंटीमीटरपर्यंत उंच चालतात, मला ५ चे पुरतात. आता कुठल्याही स्पर्धेला नाव द्यायच्या आधी मी आयोजकांना फोन करून विचारते ठोकळे आहेत का. बुटक्या बायकांनी हे विचारायला लाजू नये, तो नियमातला हक्क आहे.

सरावात काय बदललं ते सांगायलाच हवं कारण बेंच त्यासाठीच तर घेतला. पहिले तीन आठवडे आकडे खाली आले, रुंदी २६ वरून ३० झाल्याने पाती बेंचच्या कडेवरून आत आली आणि सगळं बसणं नव्याने शिकावं लागलं. त्या काळात घाबरून जुन्या जिमला परत जाऊ नका. चौथ्या आठवड्यात एके दिवशी पाय, ढुंगण, पाती, डोकं सगळं जागच्या जागी लागलं आणि ५७.५ इतकं हलकं गेलं की मी बार ठेवून प्लेटा पुन्हा मोजल्या.

सोमवारी जड, बुधवारी छातीवर तीन सेकंद थांबून, शुक्रवारी जवळच्या पकडीने जास्त रेप्स आणि पाठीचं काम, आणि रविवारी कमांडचा सराव. रविवारी नवरा उठतो, डोक्याशी उभा राहून स्टार्ट, प्रेस, रॅक म्हणतो. मुद्दाम कधी लवकर कधी उशिरा, कारण स्पर्धेत पंच बार पूर्ण थांबल्याशिवाय प्रेस म्हणत नाहीत आणि ते अर्ध-एक सेकंद किती लांब असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून कोपराचा नियम आलाय, बार छातीवर असताना कोपराच्या सांध्याची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या बाजूइतकी किंवा त्याखाली आली पाहिजे. मोठी कमान आणि रुंद पकड घेणाऱ्यांना याचा फटका बसला. मी पण थोडी पकड आत घेतली, आणि मुलगी बेंचच्या उंचीवर फोन धरून बाजूने व्हिडिओ काढते. इथे या बेंचची एक उणीव आहे, सेफ्टीचे पाइप नेमके कोपराच्या आड येतात, बाजूने नीट दिसत नाही, जरा तिरकं धरावं लागतं. पुन्हा बनवला तर पाइप गोल आणि बारीक घेईन, पण जाड पत्र्याचा.

दुसरी उणीव पावसाळा. मिरजेत जुलै-ऑगस्टला पडवीत दमट हवा, पावडर कोटिंग केलेलं सगळं ठीक राहिलं पण नंतर पाडलेली भोकं आतून तांबारली आणि पिन अडकायला लागली. भोकं सगळी आधी पाडून मगच कोटिंगला द्या. बारला ब्रश मारून तेलाचा पुसटसा हात देते आणि वापरायच्या आधी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसते. बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने आवळते, एकच थोडा सैल झाला होता आतापर्यंत.

फेब्रुवारीत स्पर्धा होती. वजन करताना रॅक विचारला, मी ९४ सांगितलं, ठोकळे ५ चे मागितले, ते होते. ६२.५ ला तीन पांढरे दिवे. ६७.५ ला तीन पांढरे. ७० ला मध्येच बार थांबल्यासारखा झाला, टाच जमिनीला चिकटून होती हे मला स्पष्ट कळत होतं, आणि तो गेला. दोन पांढरे एक लाल, चालतंय. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी मिरजेपर्यंत बोलतच होते, आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन कुपवाडला गेले. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि आधी काय विचारलं असेल तर, "हुक सैल न्हाई ना झालं?"

आता त्यांच्याकडे असा दुसरा बेंच चाललाय, इस्लामपूरकडच्या एका ज्युनिअर मुलीचा, तिच्या वडिलांना मी माझाच कागद दिला. त्यात फोम, २.५ ची भोकं आणि नायलॉनच्या पट्ट्या लाल पेनने लिहिल्यात. तिची उंची १६४ आहे, म्हणून तिला मी बेंच ४५ चाच करायला सांगितलाय.